घसारा खांद्याचा, सवलत मालकाला

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या डॉजर्स या बेसबॉल संघापुढे २०२१ च्या अखेरीपासून दर हिवाळ्यात एकच प्रश्न उभा राहत असे. क्लेटन कर्शॉ या उतारवयाकडे झुकलेल्या आणि वारंवार जायबंदी होणाऱ्या आपल्या थोर खेळाडूशी आणखी एक वर्षाचा करार करावा की करू नये? एक पक्ष निष्ठेची आणि कृतज्ञतेची भाषा बोले. दुसरा पक्ष आकडे पुढे करून भावनेला व्यवहारात स्थान नाही असे बजावीत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्शॉने निवृत्ती जाहीर केली आणि त्याच्यापुरता हा वाद मिटला. परंतु वादाच्या मुळाशी असलेला मुद्दा मिटलेला नाही. किंबहुना तो नीटपणे मांडलाच गेला नाही. श्रम करणाऱ्याचे शरीर ज्याच्या नफ्यासाठी झिजले, त्याच्याकडे त्या झिजेचे काही देणे उरते की नाही, हा तो मुद्दा होय.

कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्या परदेशी खेळाडूच्या कराराशी समाजवादी कार्यकर्त्याला काय कर्तव्य, अशी शंका येथे येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, प्रत्येक कामगाराचे वय, त्याचे दर दिवसाचे उत्पादन, त्याचे वेतन आणि त्याच्या दुखापती यांची इतकी तपशीलवार जाहीर नोंद दुसऱ्या क्वचितच एखाद्या धंद्यात सापडेल. गिरणीतील कामगाराने आयुष्यभरात मालकाला किती मिळवून दिले आणि त्याच्या पदरात किती पडले, हे सिद्ध करताना अर्थशास्त्रज्ञाला अंदाजांवर विसंबावे लागते. बेसबॉलमध्ये ते पुष्कळसे मोजता येते. म्हणून या धंद्याकडे करमणूक म्हणून नव्हे, तर श्रमाच्या बाजारपेठेचा एक उघडा नमुना म्हणून पाहावयास हवे.

कर्शॉ हा डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. नियमित पिचरला १६२ सामन्यांच्या एका मोसमात तीन हजारांच्या आसपास चेंडू पूर्ण ताकदीनिशी फेकावे लागतात. खांदा, कोपर आणि पाठ हीच त्याची अवजारे, आणि ती बदलून मिळत नाहीत. डॉजर्सनी २००६ मध्ये शाळकरी वयाच्या कर्शॉला निवडले. २००८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तो मुख्य संघात आला. २०११, २०१३ आणि २०१४ या तीन मोसमांत उत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. पुढे शरीराने तक्रार सुरू केली. २०१६ मध्ये पाठीच्या मणक्यातील चकती सरकल्याने तो दोन महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिला. २०२१ च्या अखेरीस हाताच्या दुखण्यामुळे संघ बाद फेरीचे सामने खेळत असता त्याला बसून राहावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये खांद्यावर, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये पायाचा अंगठा व गुडघा यांवर शस्त्रक्रिया झाल्या.

या काळातील करारांचे आकडे बोलके आहेत. २०१४ च्या जानेवारीत त्याने सात वर्षांसाठी साडेएकवीस कोटी डॉलरचा करार केला होता. २०२१ संपताना मात्र, नियमानुसार देऊ करता येणारा १ कोटी ८४ लाख डॉलरचा एका वर्षाचा प्रस्तावही संघाने त्याच्यापुढे ठेवला नाही. त्यानंतर २०२२ साठी १ कोटी ७० लाख, २०२३ साठी २ कोटी, आणि शस्त्रक्रियांनंतर २०२५ साठी अवघी ७५ लाखांची हमी व प्रत्यक्ष मैदानात उतरल्यास वर बोनस, असा उतार आहे. एप्रिल २०२२ मध्ये मिनेसोटाविरुद्ध सात डावांत एकाही फलंदाजाला त्याने तळ गाठू दिला नव्हता. इतिहासात फारच थोड्यांना साधलेला विक्रम दोन डावांवर असताना व्यवस्थापकाने त्याला थांबविले; ते शरीर आणखी ताणणे धोक्याचे होते. करार करावा म्हणणाऱ्यांनी त्यातील सात डावांकडे बोट दाखविले. करू नये म्हणणाऱ्यांनी न खेळलेल्या दोन डावांकडे.

आकडेमोडीचा पक्ष

विरोधकांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. त्याला न्याय दिलाच पाहिजे. त्यांचा पहिला मुद्दा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातलाच आहे: झालेला खर्च आणि झालेली कामगिरी हे भूतकाळाचे विषय, वेतन द्यावयाचे ते येणाऱ्या वर्षाच्या अपेक्षित कामगिरीचे. बिल जेम्स या अभ्यासकाने १९८० च्या दशकाच्या प्रारंभीच दाखवून दिले होते की, बेसबॉलपटूची कामगिरी सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास शिखर गाठते आणि तेथून उतरू लागते. दुसरा मुद्दा असा की, संघात जागा २६ असतात. जायबंदी नायकासाठी अडवून ठेवलेली जागा ही एखाद्या होतकरू तरुणाकडून हिरावून घेतलेली जागा असते.

या पक्षाचा हुकमी दाखला म्हणजे आल्बर्ट पुहोल्स. सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाकडून तो २००१ पासून अकरा वर्षे खेळला. तीनदा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. २००६ आणि २०११ अशी दोन अजिंक्यपदे त्याने संघाला मिळवून दिली. २०११ अखेरीस, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, कार्डिनल्सनी आपली बोली एका मर्यादेपलीकडे वाढविली नाही आणि तो लॉस एंजेलिसच्याच एंजल्स या दुसऱ्या संघाकडे दहा वर्षांसाठी सुमारे चोवीस कोटी डॉलरवर गेला. सेंट लुईसचे प्रेक्षक संतापले. परंतु पुढे पायाच्या दुखण्यांनी त्याला गाठले, कामगिरी घसरत गेली, आणि त्या सर्व काळात एंजल्स संघ २०१४ मध्ये एकदाच बाद फेरीत पोहोचला व तेथे एकही सामना न जिंकता परतला. मे २०२१ मध्ये, कराराची मुदत संपण्यापूर्वीच, पुहोल्सला मोकळे करण्यात आले. कार्डिनल्सची आकडेमोड बरोबर ठरली, याविषयी दुमत होणे कठीण.

मग निष्ठेचा पक्ष केवळ भाबडा होता काय? तसा तो होता खरा. पण त्याची चूक वेगळीच होती. कृतज्ञता ही दात्याच्या मर्जीची गोष्ट. ती मागणाऱ्याने आपली बाजू आधीच मालकाच्या औदार्यावर सोपवून दिलेली असते. आणि मालकांच्या निष्ठेचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. हाच डॉजर्स संघ १९५७ च्या मोसमापर्यंत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागाचा होता. अधिक मोठी बाजारपेठ व नवे मैदान यांच्या आशेने मालकाने तो उचलून सुमारे अडीच हजार मैल दूर नेला. पिढ्यानपिढ्यांच्या प्रेक्षकांचे प्रेम त्या हिशेबात धरले गेले नव्हते. तेव्हा निष्ठा बाजूला ठेवून हिशेबच करू. मात्र तो पूर्ण करू.

खातेवही कोठून उघडावयाची?

आकडेमोडीच्या पक्षाची खातेवही आजच्या तारखेपासून उघडते. त्याआधीची पाने तिने फाडून टाकलेली असतात. ती पाने पुन्हा जोडली म्हणजे चित्र पालटते.

अमेरिकन बेसबॉलमध्ये १९ व्या शतकाच्या अखेरीपासून प्रत्येक करारात एक राखीव कलम असे. करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. मालक त्याला ठेवी, विकी किंवा घरी बसवी. दुसऱ्या संघाकडे जाण्याचा पर्याय खेळाडूला नव्हता. १९२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा धंदा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला, त्यामुळे ही वेठ कायदेशीर झाली. १९६९ मध्ये कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने आपली विक्री नाकारली व न्यायालयाचे दार ठोठावले. १९७२ मध्ये तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला आणि त्या लढ्यात त्याची कारकीर्दही संपली. फ्लडच्या मागे उभे राहिलेले खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर हे पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले होते, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने राखीव कलमाचा कणा मोडला.

या सुमारास, १९७४ मध्ये, जेराल्ड स्कली या अर्थशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. खेळाडू संघाच्या उत्पन्नात जी भर घालतो, तिच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी वेतन त्याला मिळते, असे त्यात आकड्यांनिशी मांडले होते. त्याआधी १९५६ मध्ये सायमन रॉटनबर्ग यांनी दाखविले होते की, राखीव कलम असो वा नसो, खेळाडू शेवटी जेथे त्याची किंमत अधिक तेथेच पोहोचतो. बदलते ते एवढेच की त्या किमतीचा लाभ खेळाडूला होतो की मालकाला. खेळाडूला कमी दिले म्हणून प्रेक्षकाचे तिकीट स्वस्त होत नाही. ‘एका माणसाला एवढे पैसे कशाला?’ असे विचारणाऱ्याने पुढचा प्रश्नही विचारावयास हवा: त्याला नाही दिले तर ते कोणाच्या खिशात राहतात?

१९७५ चा विजय मात्र अपुरा राहिला, आणि त्यात संघटनेचाही वाटा होता. १९७६ च्या वाटाघाटींत, मुख्य संघात सहा वर्षे सेवा झाल्यावरच खेळाडूला मुक्तपणे करार करता येईल असा नियम ठरला. सगळेच खेळाडू एकदम मुक्त झाले तर पुरवठा वाढून वेतन घसरेल, ही भीती मिलर यांनाही वाटत होती. मुक्त खेळाडू थोडे असावेत म्हणजे त्यांना भाव चढा मिळेल, असे हे गणित होते. संघटनेचे बळ वाढविणारा डाव म्हणून ते चतुर होते. परंतु त्याची किंमत प्रत्येक पिढीतील तरुणांनी मोजली. आजही पहिली सुमारे तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपास, पुढची तीन लवादामार्फत थोडी वाढ, आणि मग स्वातंत्र्य, असा क्रम आहे. म्हणजे खेळाडू शिखरावर असतो तेव्हा बांधलेला असतो, आणि तिशीच्या उंबरठ्यावर, उतार सुरू झाल्यावर, मोकळा होतो.

कर्शॉचेच पान उघडून पाहावे. २०११ मध्ये सर्वाधिक विजय, सर्वाधिक स्ट्राइकआउट आणि सर्वांत कमी धावा हे तिन्ही मान त्याने आपल्या लीगमध्ये मिळविले. त्या वर्षीचे त्याचे वेतन होते ५ लाख डॉलर. दहा वर्षांनंतर त्याच्यासारख्याच्या एका मोसमासाठी दोन-तीन कोटी देण्यास मालक तयार होते. या दोहोंतील अंतर कोणाच्या खात्यात जमा झाले हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. २०१२ मध्ये हा संघ सुमारे दोन अब्ज डॉलरला विकला गेला आणि पाठोपाठ त्याने आठ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा पंचवीस वर्षांचा दूरचित्रवाणी करार केला. त्या कराराच्या अटींवरून केबल कंपन्यांत तंटा लागला आणि २०१४ पासून २०२० पर्यंत लॉस एंजेलिसमधील बहुसंख्य घरांतून या संघाचे सामने दिसेनासे झाले. कर्शॉच्या ऐन भराच्या वर्षांचा मोबदला मालकांना मिळाला. शहराला ते खेळणे नीट पाहावयासही मिळाले नाही.

आता सर्वांत मार्मिक नोंद. यंत्र झिजते म्हणून कारखानदाराला करात घसारा मिळतो, हे सर्वश्रुत आहे. अमेरिकेत बिल व्हेक या संघमालकाने खेळाडूंच्या करारांवरही असाच घसारा मिळविण्याची युक्ती शोधली, आणि ती मान्य झाली. २००४ च्या कायद्याने तर संघ विकत घेणाऱ्याला जवळजवळ संपूर्ण खरेदी किंमत पंधरा वर्षांत उत्पन्नातून वजा करण्याची मुभा दिली. खेळाडूचा खांदा झिजतो, ही गोष्ट कायद्याने मान्य केली आहे. पण त्या झिजेची सवलत मिळते ती खांद्याच्या धन्याला नव्हे, संघाच्या धन्याला! हीच झीज कराराच्या टेबलावर येते तेव्हा तिचे नाव ‘दुखापतीची प्रवृत्ती’ असे होते आणि तिच्यापोटी वेतन कापले जाते. एकाच झिजेचा लाभ मालक दोनदा घेतो.

म्हणून आकडेमोडीच्या पक्षाला उत्तर असे आहे. बुडीत खर्च आणि थकीत देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाठ्यपुस्तक बुडीत खर्च विसरावयास सांगते, देणे विसरावयास सांगत नाही. वयस्क खेळाडूला मिळणारी ‘वाजवीपेक्षा जास्त’ रक्कम ही बव्हंशी त्याच्या तरुणपणी अडकवून ठेवलेल्या वेतनाची उशिरा झालेली फेड असते. पुहोल्सच्या बाबतीत एवढेच झाले की, देणे सेंट लुईसचे होते आणि फेडले एंजल्सनी. कार्डिनल्सची आकडेमोड बरोबर ठरली ती दुसऱ्याने बिल भरले म्हणून.

दोन्ही दारे बंद

ही फेड जोवर होत होती तोवर ही व्यवस्था, अन्याय्य असली तरी, निदान चालत होती. परंतु पुहोल्ससारख्या करारांपासून मालकांनी धडा घेतला. तिशीनंतरच्या खेळाडूला पैसे देणे मूर्खपणाचे, हे शास्त्र प्रत्येक संघाने आत्मसात केले. २०१७-१८ च्या हिवाळ्यात इतके अनुभवी खेळाडू कराराविना राहिले की, संघटनेला फ्लोरिडातील ब्रॅडेंटन येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र सराव शिबिर उघडावे लागले. तरुणाला द्यावयाचे नाही, कारण नियम आड येतो. वृद्धाला द्यावयाचे नाही, कारण गणित आड येते. तरुणपणी ‘थांब, पुढे मिळेल’ आणि पुढे ‘आता तुझे वय झाले’ हे मालकाचे सूत्र जगातील कोणत्याही कामगाराला अपरिचित नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये मालकांनी ९९ दिवसांची टाळेबंदी पुकारली, तिच्या मुळाशी हाच तंटा होता. मार्च २०२२ च्या तडजोडीत किमान वेतन ७ लाख डॉलर झाले आणि तरुण गुणवंतांसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा वेगळा निधी ठरला. सहा वर्षांची अट मात्र तशीच राहिली. या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंत ठरली, आणि वेतनावर कमाल मर्यादा घालण्याची इच्छा काही मालकांनी २०२५ मध्येच उघडपणे बोलून दाखविली. तरुणपणचे वेतन न वाढविता घातलेली अशी मर्यादा म्हणजे थकबाकीच्या वसुलीला कायमची स्थगिती होय.

तेव्हा डॉजर्सनी कर्शॉशी करार करीत राहणे योग्यच होते. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओतानी या एका खेळाडूशी सत्तर कोटी डॉलरचा करार करणाऱ्या संघाला पैसा ही अडचण नव्हती. थोडी हमी आणि कामागणिक बोनस, एकेका वर्षाची मुदत, हे स्वरूपही दोन्ही पक्षांना सोयीचे होते. आणि ओघानेच होतकरू तरुणाच्या जागेचा मुद्दाही सौम्य झाला, कारण दुखापतीच्या काळात जायबंदी यादीत गेलेल्या खेळाडूची जागा दुसऱ्याला मिळतेच. २०२५ मध्ये कर्शॉने अकरा सामने जिंकले, दोन हरला. २ जुलै रोजी तीन हजारावा स्ट्राइकआउट घेणारा तो इतिहासातील विसावा पिचर ठरला. ऑक्टोबरमध्ये टोरोंटोविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये अठरा डाव चाललेल्या एका सामन्यात, बाराव्या डावात, तिन्ही तळांवर प्रतिस्पर्धी उभे असताना त्याला बोलाविण्यात आले. त्याने एका फलंदाजाला बाद केले आणि संघ वाचला. परंतु तो त्या दिवशी अपयशी ठरला असता तरी करार चुकीचा ठरला नसता. देणे हे देणेच असते. घेणाऱ्याने नंतर काय केले यावर ते अवलंबून नसते.

मात्र कर्शॉला मिळाले त्यात समाधान मानणे ही पुन्हा निष्ठेच्या पक्षाचीच चूक होईल. एकंदरीत तीस कोटी डॉलरच्या घरात मिळकत झालेल्या माणसाविषयी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. खरा प्रश्न त्याच्या मागे उभ्या असलेल्यांचा आहे. त्याच खेळाच्या दुय्यम लीगमधील सर्वांत वरच्या श्रेणीच्या खेळाडूला २०२२ पर्यंत वर्षाला सुमारे साडेसतरा हजार डॉलर मिळत. २०१८ च्या एका कायद्याने त्यांना किमान वेतनाच्या संरक्षणातून वगळण्यापर्यंत मालकांची मजल गेली होती. ते संघटित झाले तेव्हा २०२३ च्या पहिल्याच सामूहिक कराराने ही रक्कम पस्तीस हजारांवर गेली. तसेच १९८० पूर्वी मुख्य संघांत चार वर्षांहून कमी सेवा झालेल्या खेळाडूंचे. त्या वर्षी निवृत्तिवेतनाची अट ४३ दिवसांवर आणली गेली, पण पूर्वीच्यांना ती लागू केली नाही. २०११ मध्ये त्यांना वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार डॉलरचे अनुदान मंजूर झाले, आणि तेही खेळाडूच्या मृत्यूबरोबर थांबे. विधवेला त्यातले काही नाही. त्यांचेही खांदे झिजलेच होते. त्यांच्यासाठी दर हिवाळ्यात कोणी वाद घातला नाही, कारण त्यांच्या नावाने तिकिटे खपत नव्हती.

नायकाला निरोपाचा सन्मान आणि इतरांना विस्मरण, ही न्यायाची रीत नव्हे. तरुणपणीचे वेतन तरुणपणीच मिळावे, सहा वर्षांची वेठ कमी व्हावी, जायबंदी शरीराची भरपाई आणि निवृत्तिवेतन सर्वांना हक्काने मिळावे, म्हणजे वयस्क खेळाडूशी करार करावा की नाही हा प्रश्न खरोखरच केवळ खेळाचा होईल. मग ज्याला तो सोडवावयाचा आहे त्याने खुशाल आकडेमोड करावी. तोवर, खातेवहीची पहिली पाने फाडून शेवटच्या पानावरची बेरीज दाखविणाऱ्याला कामगार चळवळीने एवढेच विचारावे: मधली पाने कोठे आहेत?